बाहेरला जायची परवानगी

आमच्या वस्तीत ही गोष्ट आता हसत सांगतात. नळावर, हळदीच्या मांडवात, कुणाकडे पाहुणा आला की त्याला. सांगणारी माझ्याकडे बोट दाखवते आणि म्हणते, हीच ती म्हातारी, साहेबाला तो शब्द ऐकवणारी. पाहुणा हसतो. मीही हसते. नाही हसले तर लोक म्हणतील हिला अजून राग आहे. राग आहेच. म्हणून एकदा न हसता लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढ्यात जेवढं बसेल तेवढं लिहीन.

आधी एक शब्द सांगते, कारण सगळा घोळ त्या शब्दाने केला. माझं माहेर पेठच्या डोंगरात. तिकडे संडासला जाण्याला बाहेरला जाणं म्हणतात. चारचौघांत, सासऱ्यासमोर, जेवणाच्या पंगतीत बाईला उच्चारता येईल असा तेवढा एकच शब्द. गावात ते खरंच बाहेर होतं, ओहोळाच्या पलीकडे, करवंदीच्या जाळीमागे. लग्न करून नाशिकला आले तेव्हा त्याला भिंती आल्या, कडी आली, पण शब्द तोच राहिला. वस्तीत कुणी सटाण्याकडची आहे, कुणी निफाडकडची, कुणी नाशकातच जन्मलेली. बोलण्यात फरक आहे, पण बाहेरला सगळ्याच जातात.

आमची वस्ती अंबडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. नवरा तिकडच्याच एका कंपनीत वॉचमन होता, आता मुलगा दुसऱ्या कंपनीत जातो. गल्लीला एकच तोंड आहे आणि ते रस्त्यावर उघडतं. रस्ता ओलांडला की सार्वजनिक संडास. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला सोसायटीची भिंत. भिंतीवर काचा रोवलेल्या आहेत. त्या कुणासाठी आहेत हे आमच्याकडच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. सोसायटीचं गेट मात्र आमच्याच रस्त्यावर, गल्लीच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या एका बंगल्यात मी कितीतरी वर्षं भांडी-फरशी करते. घरात ताई, त्यांचे साहेब आणि एक मोठं पिवळं कुत्रं. ते कुत्रं घरात घाण करत नाही. ताई कौतुकाने सांगायच्या, "मावशी, तो लाजतो गं. बागेतसुद्धा करत नाही. त्याला बाहेरच न्यावं लागतं." मी मनात म्हणायचे, बरं आहे, कुत्र्याला वळण आहे.

टाळेबंदी लागली तेव्हा माझी सून पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. तिचं माहेर निफाड तालुक्यात, द्राक्षबागांच्या गावात. ओटी भरून झाली की भाऊ न्यायला येणार होता. एसटी बंद झाली, रस्त्यावर नाकी लागली, भाऊ तिकडे आणि ती इकडे. तिला माझ्या हातचं बाळंतपण नको होतं. मलाही ते करायची हौस नव्हती. भांडण नव्हतं आमचं, पण ती अबोल पोरगी आणि मी अशी. आमची एक खोली, मधे साडीचा पडदा. पडद्याच्या एका बाजूला ती दोघं, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं.

त्यानंतर गल्लीत पेशंट सापडला. मार्केटात हमाली करणारा माणूस होता. त्याला गाडीने नेलं आणि दुपारी टेम्पोतून बांबू आणि पत्रे उतरले. बांधणारी पोरं मांडववाली होती. लग्नं बंद, म्हणून या कामाला लागलेली. हात सवयीचे. मांडव घालावा तसं त्यांनी बघता बघता गल्लीचं तोंड बंद केलं, डोक्याएवढ्या उंचीच्या पत्र्यांनी. आमच्या समोरच्या दारात एक भाजीवाली राहते. तिची जीभ तिच्या वजनकाट्यासारखी, कधी गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकायची नाही. तिने विचारलं, "दादा, मांडव झाला. नवरदेव कधी यायचा?"

तो पोरगा म्हणाला, "मावशी, आम्हाला काय हौस हाय का?"

त्यांच्याबरोबर मास्क लावलेला एक माणूस होता. त्याने पत्र्याच्या फटीतून सांगितलं की दूध, किराणा, भाजी पत्र्यावरून मिळेल, कुणी बाहेर पडायचं नाही.

मी विचारलं, "आणि बाहेरला?"

"बाहेर अजिबात नाही, आजी. तेच सांगतोय मघापासून."

मांडववाल्या पोराला कळलं. त्याने त्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलं. माणूस म्हणाला, "त्याची सोय होईल. मोबाईल टॉयलेट येईल."

तो गेल्यावर भाजीवाली म्हणाली, "आक्का, मोबाईलवर कसं व्हायचं गं? इथं तर रेंज पण नाय." गल्ली हसली. तेव्हा अजून हसायला येत होतं.

मोबाईल टॉयलेट आलं. गाडीवर बसवलेल्या पेट्या होत्या, निळ्या रंगाच्या. गाडी रुंद आणि गल्ली अरुंद, त्यामुळे ती आत शिरेना. मग ती पत्र्याच्या पलीकडे रस्त्यावर उभी केली. म्हणजे आमच्यासाठी आणलेला संडास पत्र्याबाहेर, आणि पत्र्याबाहेर जायला आम्हाला बंदी. आम्ही ओरडून विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, मला गाडी सोडायला सांगितली, माणसं सोडायला नाही. काही दिवस ती गाडी तशीच उभी राहिली. नंतर सोसायटीतल्या लोकांनी वास येतो म्हणून तक्रार केली आणि गाडी नेली. न वापरलेल्या संडासाचा वास कसा येतो हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच सुमारास सोसायटीतही, बंगल्यांमागच्या एका इमारतीत, पेशंट निघाला. पांढरी गाडी आली, आमची पोरं पत्र्याच्या फटीतून बघत होती. त्या इमारतीला पत्रे लागले नाहीत. गेटवर एक कागद चिकटवला. कागद वाऱ्याने अर्धा सुटला आणि फडफडत राहिला. इमारतीतले लोक संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारायचे, सकाळी गाड्या काढून दूध-फळं आणायचे. ताईंचे साहेब कुत्र्याला घेऊन सकाळ-संध्याकाळ रस्त्याने जायचे. आमच्या पत्र्याशी एक पोरसवदा पोलीस खुर्ची टाकून बसायचा. तो त्यांना उठून नमस्कार करायचा. माझ्या मुलाने दुधाची पिशवी घ्यायला पत्र्यावरून हात जास्त बाहेर काढला तर त्या हातावर काठी बसली होती. साहेबांच्या मास्कने हनुवटी झाकली होती, तोंड उघडं. गल्लीतले पुरुष यावर फार बोलायचे. कायदा काय पत्र्याचा असतो का आणि कागदाचा का नसतो, असं. बोलून बोलून दमले की पत्ते खेळायचे.

बायकांना पत्ते खेळायला वेळ नव्हता. घरोघरी बादली आली. खाली माती, वर माती. ती मोकळी करायची भिंतीकडच्या गटारात, दिवस उजाडायच्या आत. ऊन चढलं की गल्लीचा वास असा यायचा की माणसं बोलायची कमी झाली. लहान पोरांनी आधीच गटार धरलं होतं. म्हाताऱ्यांनी लाज सोडली. मीही सोडली. लाज ही वय असेपर्यंतच परवडते.

सुनेला ते जमेना. तिने बादली वापरायची म्हटलं की नवरा माझा, म्हणजे तिचा सासरा, खोलीबाहेर जाऊन दारात उभा राहायचा. चांगुलपणानेच जायचा. पण म्हातारा दारात उभा राहिला की सगळ्या गल्लीला कळायचं की आत काय चाललं आहे. समोरून कुणीतरी विचारायचंच, "काय बाबा, आज उन्हात?" आणि तो बावळटासारखा सांगायचा, "काही नाही, सून जरा..." आत सून कान बंद करून बसायची. दोनदा असं झालं आणि तिने बादली सोडली. त्याबरोबर तिने पाणी सोडलं. तांब्या तोंडाला लावायची, घोट घ्यायची, ठेवायची. आधी मला वाटलं पोटुशीपणाची शिसारी असेल. मग तिचे ओठ फाटले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. जेवणही निम्मं केलं होतं. आत काही गेलं नाही तर बाहेरला जावं लागणार नाही, असा तिचा हिशेब.

मी म्हणाले, "पी की गं."

"तहान नाही."

"तोंड बघ आरशात."

ती पडद्यामागे गेली. तिथून जायला तिला दुसरी जागा नव्हती. मलाही तिच्यामागे जायला नव्हती. त्या खोलीत माणूस रागावला तर रागावून जाणार कुठे, म्हणून सगळे तोंड फिरवून बसायचे. चार माणसं चार दिशांना तोंडं करून बसलेली, असं आमचं घर होतं.

गल्लीतल्या पोरांनी एका पत्र्याची तार ढिली करून ठेवली होती. पहाटे पोलीस पेंगला की बायका घोळक्याने पत्रा वाकवून पलीकडे जायच्या आणि परत यायच्या. एका पहाटे मी सुनेला बरोबर घेतलं. पोट सांभाळत ती पत्र्याच्या सांदीतून निघत होती, एक पाय अलीकडे, एक पलीकडे, तेवढ्यात तो पोलीस जागा झाला.

"ए, कुठं चालल्या?"

मी म्हणाले, "बाहेर."

"बाहेर जायला बंदी आहे, माहीत नाही का?"

"अरे बाबा, बाहेर म्हणजे बाहेरला."

"बाहेर म्हणजे बाहेरच असतं. मला शिकवता का आजी?"

त्याच्या हातातली काठी सुनेच्या हातातल्या टमरेलावर बसली. टमरेल रस्त्यावर घरंगळत गेलं, पाणी सांडलं. मारायचं त्याच्या मनात नसेल, बायकांना हुसकायला त्याने नुसती फिरवली असेल. पण टमरेल बघूनही त्या पोराला कळलं नाही. फ्लॅटमध्ये वाढलेला असावा. गंमत अशी की त्याला स्वतःला लागली की तो रस्ता ओलांडून आमच्याच संडासात जायचा. आम्ही फटीतून बघायचो. सून पाय मागे घेऊन परत आली. दिवस उजाडल्यावर त्याने त्या पत्र्याला दुहेरी तार मारून घेतली. ते टमरेल मात्र दिवसभर रस्त्यावर पडून होतं, आम्हाला दिसत होतं आणि आणता येत नव्हतं.

सुनेला ताप भरला. कंबर धरून बसायची. तपासायला येणारी आशाताई पत्र्यापाशी आली, तिच्याजवळ तापाचं यंत्र होतं. विचारपूस करून ती मला बाजूला बोलावून म्हणाली, "मावशी, लघवीला जळजळ आहे तिला. गोळ्या देते, पण तिला पाणी पाजा. भरपूर. लघवी धरून ठेवू देऊ नका. हे पोटातल्या बाळावर जाईल."

"पाणी पाजते," मी म्हणाले, "पण पाठवू कुठे?"

आशाताईने पिशवी उघडली. तिच्या हातात होतं तेवढं तिने दिलं, गोळ्यांची एक पट्टी.

मग मी ताईंना फोन लावला. आजवर मी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, सणाची साडीसुद्धा त्यांनी दिली तर घेतली. सोसायटीत पार्किंगजवळ कामवाल्यांसाठी एक संडास आहे, आमच्या भिंतीला लागून. सुनेला दिवसातून चारदा तिथे येऊ द्या, वॉचमनला सांगा, तुमचं नाव सांगितलं की पोलीसही सोडेल, असं मी म्हणाले. सून कशी आहे तेही सांगितलं.

ताई म्हणाल्या, "अगं बाई गं. मावशी, माझी काहीच हरकत नाही. पण सोसायटीचा नियम आहे, बाहेरचं कुणी आत घ्यायचं नाही. लोक घाबरलेत ना."

"तुमच्याकडेही पेशंट निघाला ताई."

"हो ना, म्हणून तर. तिला सांग धीर धर, होईल सगळं नीट."

मागे कुत्रं भुंकत होतं. मी विचारलं, "त्याला कसं नेता तुम्ही रोज?"

"याला? त्याची परवानगी आहे गं. पाळीव प्राण्यांना सूट आहे. आणि त्याला जावंच लागतं ना, किती वेळ धरून ठेवेल बिचारा?"

ताई वाईट बाई नाही. मनात काही ठेवून त्या बोलल्या नाहीत. म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी फोन ठेवला आणि नळावर गेले. बायका पाण्याच्या रांगेत होत्या. त्यांना मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.  हंडा भरून वाहायला लागला तरी भाजीवालीने तोटी बंद केली नाही. मग ती म्हणाली, "म्हणजे आपण कुत्र्यापरास लय सोशीक."

आमचं ठरलं असं काही नाही. सभा झाली नाही, कुणी पुढारी नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्र्याच्या वेळेला बायका पत्र्यापाशी येऊन उभ्या राहिल्या एवढंच. प्रत्येकीच्या हातात भरलेलं टमरेल. सूनही आली. मी तिला नको म्हणाले, पण घरात बसली तरी तिला दुखतच होतं.

साहेब कुत्र्याला घेऊन आले. पोलीस उठून उभा राहिला. मी फटीतून त्याला हाक मारली.

"दादा, त्याला कुठं नेतात?"

"कुणाला?"

"त्या पिवळ्याला."

"फिरायला नेतात."

"फिरायला नाही. बाहेरला नेतात. मला माहीत आहे, मी त्याच्या घरी भांडी घासते."

"आजी, ते कुत्रं आहे."

"म्हणून तर विचारते."

कुत्र्याने माझा आवाज ओळखला. शेपूट हलवत ते पत्र्याकडे ओढायला लागलं. फटीला नाक लावून कुईकुई केली. रोज मी त्याला भाकरीचा तुकडा द्यायचे, तो त्याला आठवला असणार. साहेबांनी पट्टा ओढला. कुत्रं जायला वळलं आणि जाता जाता त्याने आमच्या पत्र्यावर पाय वर केला. सावकाश, पोटभर. धार पत्र्याखालून आत आली आणि बायकांच्या पायाशी थांबली.

पहिलं टमरेल कुणी आपटलं ते मला माहीत नाही. पत्र्यावर पत्रा वाजला आणि मग सगळीकडून वाजायला लागला. काही आठवड्यांपूर्वी सगळ्या गावाबरोबर आम्हीही दारात उभं राहून ताटं वाजवली होती, कुणाच्या तरी कौतुकासाठी. हे वाजवणं तसं नव्हतं. पाणी उडत होतं, पत्रे हलत होते, भिंतीपलीकडे खिडक्या उघडल्या. लोक मोबाईल धरून उभे राहिले. साहेब कुत्र्याला घेऊन झपाझप गेटात गेले. पोलीस फोन लावत होता, त्याला दुसऱ्या टोकाचं ऐकू येत नव्हतं.

जीप आली. त्यातून पोलिसांचे मोठे साहेब उतरले, पोट सुटलेले, हातात भोंगा. पुरुषही आता मागे येऊन उभे राहिले होते. सासरे, दीर, जाणती पोरं, सगळे. त्यामुळे बायकांची पंचाईत झाली. ज्यासाठी आलो ते त्यांच्यासमोर कसं म्हणायचं. मग सगळ्या आपला तो एक शब्द ओरडायला लागल्या. "बाहेर जाऊ द्या. आम्हाला बाहेर जाऊ द्या."

साहेबांनी भोंगा तोंडाला लावला. "ऐका. बाहेर आजार आहे. तुमच्या भल्यासाठी तुम्हाला आत ठेवलंय. सगळा देश घरात बसलाय. तुम्हालाच बाहेर जायची एवढी घाई का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. भाजीवाली म्हणाली, "घाईच असते साहेब त्याला."

"हसू नका. थोडे दिवस बाहेर नाही गेलात तर काय मरणार आहात का?"

"हो," एक बाई म्हणाली.

साहेब चिडले. आम्ही चेष्टा करतो असं त्यांना वाटलं. एकेकीचं नाव लिहून घ्या, गर्दी केली म्हणून गुन्हे टाका, असं ते पोलिसाला सांगायला लागले. दोन्हीकडून बाहेर, बाहेर चाललं होतं. ते बाहेर म्हणजे मोकळं फिरणं समजत होते आणि आम्ही आमचं सांगत होतो. सून माझ्या खांद्याला धरून उभी होती. तिची बोटं माझ्या हाडात रुतत होती. मला वळून बघायची गरज नव्हती.

मी टमरेल वर धरलं आणि म्हणाले, "साहेब, हगायला जायचंय."

पत्रे वाजायचे थांबले. भोंग्याची खरखर तेवढी ऐकू येत होती. साहेबांनी भोंगा खाली घेतला. माझा नवरा जमिनीकडे बघत होता. सुनेने माझा खांदा सोडला आणि पदर तोंडावर ओढला.

साहेबांनी पोलिसाला विचारलं, "यांचं टॉयलेट कुठाय?"

त्याने काठीने रस्त्यापलीकडे दाखवलं.

"आत एकही नाही?"

"नाही सर."

"मग हे जातात कुठे?"

पोलिसाने उत्तर दिलं नाही. वाऱ्याची झुळूक आली, तिने दिलं. साहेबांनी रुमाल काढून मास्कवर धरला.

त्याच दिवशी मांडववाली पोरं परत आली आणि एक पत्रा कापून त्याला दार बसवलं. जाताना साहेबांनी नियम सांगितला. दार सकाळी उघडेल आणि संध्याकाळी उघडेल, मधे नाही. म्हणजे आम्हाला कुत्र्याच्या वेळा मिळाल्या. गर्दीची नोंद तरी झालीच. त्यात माझं नाव पहिलं आहे. पुढे त्याचं काही झालं नाही असं मुलगा म्हणतो. भिंतीपलीकडे कुणाची नोंद झाली नाही.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा मी सुनेला घेऊन गेले. पोलीस पाठ करून उभा राहिला. आता त्याला सगळं कळत होतं, त्यामुळे तो आमच्याकडे बघेना. सून खूप वेळ आत होती. मी संडासाच्या दाराशी पाण्याची बादली धरून उभी. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा घामाने ओला होता. रस्ता ओलांडताना ती म्हणाली, "आई, असं नव्हतं बोलायला पाहिजे. बाबा होते तिथं."

"मग तू बोलायचंस."

"मी मेले असते पण बोलले नसते."

"तेच तर चाललं होतं," मी म्हणाले.

मग ती माझ्याशी काही दिवस बोलली नाही. त्या खोलीत न बोलणं फार मोठं वाटतं, कारण माणसाला सुरुवात कुठून करावी ते सापडत नाही.

दोन वेळा उघडणारं दार पोटुशी बाईला पुरत नाही. तिने पाणी मोजायला शिकून घेतलं. सकाळी दार उघडायच्या आधी पिणं, संध्याकाळी दार उघडायच्या आधी पिणं, मधे कोरडं. गोळ्यांनी ताप उतरायचा आणि परत चढायचा. दिवस भरायच्या आतच भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. दार बंद होतं. मुलगा पत्र्यावर मुठी मारत होता. त्या पोरसवदा पोलिसाने कुणाला न विचारता दार उघडलं, फोन करून गाडी बोलावली, आणि गाडी येईपर्यंत स्वतःची खुर्ची तिला बसायला दिली. त्याच्याबद्दल लिहायचं तर हेही लिहायला पाहिजे.

मुलगी झाली. किलोच्या मापात घालावी एवढीशी. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. जगली. आशाताई नंतर भेटली तेव्हा म्हणाली, आजार खालून वर चढला होता, म्हणून लवकर झालं. का चढला ते मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं.

पत्रे निघाले. बांबूंची भोकं रस्त्याच्या कडेला बरेच दिवस होती. ताईंनी मला परत कामावर बोलावलं. मी गेले, कारण दुसरीकडे जाऊनही भांडी तीच असतात. पहिल्याच दिवशी दुपारी कुत्रं दाराशी घुटमळायला लागलं. ताई म्हणाल्या, "मावशी, याला जरा बाहेर नेऊन आणतेस का?"

मी म्हणाले, "सकाळी नेलं ना ताई. आता संध्याकाळी."

त्यांना काही कळलं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या. कुत्रंही बघत होतं. मी हात पुसले आणि त्याला घेऊन गेले. त्याने माझं काही बिघडवलं नव्हतं.

संडास अजून रस्त्यापलीकडेच आहे. घरोघरी होणार असं दर निवडणुकीला सांगतात.

नात आता बालवाडीत जाते. सुट्टीत आम्ही तिघी निफाडला एसटीने जातो. सून घरून निघताना पाण्याची बाटली काठोकाठ भरून घेते. नात सांडत, हसत पिते. मी म्हणते, "तू पण पी की." सून खिडकीबाहेर बघत म्हणते, "पोहोचल्यावर." निफाडला उतरतो तेव्हा नातीने प्यायलेलं सोडलं तर बाटली तेवढीच भरलेली असते. मी जास्त आग्रह करत नाही. नाशिकपासून निफाडपर्यंत मीही पाण्याचा थेंब घेत नाही.